परिचारिकेचे स्थलांतर: परवाना आणि पदवी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोंदणीकृत परिचारिका होण्याचे तीन मार्ग आहेत: रुग्णालयात मिळणारी पदविका, कम्युनिटी कॉलेजातील सुमारे दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि विद्यापीठाची चार वर्षांची पदवी. मार्ग निराळे असले तरी शेवटी द्यावयाची परवाना परीक्षा सर्वांना एकच आहे. ती उत्तीर्ण झालेल्या तिघीजणी कायद्याच्या दृष्टीने सारख्याच परिचारिका होत.

यांपैकी असोसिएट पदवीची कल्पना मिल्ड्रेड माँटॅग यांनी १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील आपल्या प्रबंधात मांडली. महायुद्धोत्तर काळात परिचारिकांची टंचाई होती. १९५२ पासून काही महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. घराजवळचे महाविद्यालय, कमी खर्च आणि अल्प मुदत यांमुळे संसार सांभाळून शिकणाऱ्या स्त्रियांना तो विशेष सोयीचा ठरला. परंतु अशी परिचारिका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहावयास गेली, की तिला नोकरीपूर्वी दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. राज्य विचारते, "परवाना आहे काय?" रुग्णालय विचारते, "पदवी कोणती?" या दोहोंची गल्लत झाल्यास महिनोन्‌महिने वाया जातात.

परवाना देणे हा तेथे प्रत्येक राज्याचा अधिकार आहे. परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. जुन्या राज्याकडून पडताळणी होऊन नवे राज्य परवाना देते. चाळीसहून अधिक राज्ये व प्रदेश एका परवाना करारात सामील झाले आहेत. या कराराचे सुधारित स्वरूप १९ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. करारातील राज्याचा बहुराज्यीय परवाना करारातील इतर राज्यांतही चालतो. मात्र हा परवाना परिचारिकेच्या कायम वास्तव्याशी निगडित असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. करारातीलच दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविल्यास ६० दिवसांच्या आत तेथे अर्ज करावा लागतो. हा नियम २ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. टेक्सासची परिचारिका कॅलिफोर्नियात स्थायिक झाली तर गोष्ट अधिक कठीण होते, कारण कॅलिफोर्निया करारात नाही. तिचा बहुराज्यीय परवाना केवळ टेक्सासपुरता उरतो आणि कॅलिफोर्नियाचा परवाना हाती येईपर्यंत तिला तेथील सामान्य रुग्णालयात काम करता येत नाही. घरभाडे मात्र पहिल्या महिन्यापासूनच सुरू होते! म्हणून सामान बांधण्यापूर्वी अर्ज करणे हेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न पदवीचा. व्यावसायिक परिचर्येसाठी चार वर्षांची पदवी हवी, अशी भूमिका अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्येच घेतली होती. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात, असे उद्दिष्ट सुचविले. न्यूयॉर्कने डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच केला: नव्याने परवाना घेणाऱ्या परिचारिकेने दहा वर्षांत पदवी संपादन करावी. याउलट नॉर्थ डकोटाने पदवीची सक्ती काही वर्षे राबवून २००३ मध्ये ती मागे घेतली. शहरांतील मोठी रुग्णालये, विशेषतः शिक्षण-रुग्णालये, जाहिरातीतच पदवीला प्राधान्य देतात. तेथे वर्षांच्या अनुभवाचा अर्जही पहिल्या चाळणीत गळू शकतो. हा न्याय आहे काय, असा प्रश्न पडतो. पण अर्जदाराला वस्तुस्थिती जाणूनच चालावे लागते.

दारे बंद आहेत असे नाही. वृद्धाश्रम व दीर्घकालीन शुश्रूषागृहे, डायलिसिस केंद्रे, गृह-परिचर्या संस्था आणि ग्रामीण रुग्णालये असोसिएट पदवीधारकांना घेतात. १९९७ च्या कायद्याने मान्यता दिलेली, २५ पर्यंत खाटांची ग्रामीण रुग्णालये मनुष्यबळासाठी नेहमीच झगडत असतात. माजी सैनिकांसाठीच्या केंद्रीय रुग्णालयांत कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो आणि असोसिएट पदवीधारकांनाही तेथे प्रवेश आहे. वारंवार बदली होणाऱ्या कुटुंबांना हा मोठा आधार आहे. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करण्याचे सेतू अभ्यासक्रमही सर्वत्र आहेत. रुग्णालय त्यांचे शुल्क देते काय, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

आपल्याकडेही याचे साम्य आढळते. जीएनएम पदविकाधारक परिचारिका परराज्यातून महाराष्ट्रात आल्यास तिला महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये स्थापन झालेल्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मूळ राज्याच्या परिषदेकडून पडताळणी व्हावी लागते. पदविकेनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम तिला खुला असतो. विवाहानंतर किंवा पतीच्या बदलीमुळे राज्य सोडणाऱ्या परिचारिकेने मूळ परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण व पडताळणीचा अर्ज गाव सोडण्याआधीच करावा, ही सूचना शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी तिच्या कुटुंबापर्यंत पोहोचवावी.