नोकरभरती व व्यक्तिगुण

नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांतून निवड करताना त्यांचे शिक्षण, अनुभव व कौशल्य यांखेरीज जे स्वभावविशेष, सवयी व दृष्टिकोन विचारात घेतले जातात, त्यांना नोकरभरतीच्या संदर्भात व्यक्तिगुण म्हणतात. विश्वासूपणा, वक्तशीरपणा, जबाबदारीची जाणीव, शिकण्याची तयारी, सहकार्यवृत्ती, आत्मविश्वास, विचार नेमकेपणाने मांडण्याची हातोटी इ. गुणांचा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. पदवी वा अनुभवाचा दाखला कागदावर तपासता येतो. व्यक्तिगुण मात्र वर्तनावरून अनुमानानेच ओळखावे लागतात आणि हे अनुमान बहुधा काही मिनिटांच्या भेटीत केले जाते. त्यामुळे काम उत्तम होण्यास लागणारे गुण आणि काम मिळण्यास उपयोगी पडणारे गुण हे सर्वस्वी एकच असतात असे नाही. या दोहोंतील अंतर कमी करणे हा निवडशास्त्राचा एक मुख्य प्रश्न आहे आणि उमेदवाराच्या दृष्टीने तर तो उपजीविकेचाच प्रश्न होय.

निवडीच्या शास्त्रीय पद्धती रूढ होण्यापूर्वीही मालक वा त्याचे हस्तक कामगाराचे गुण पारखीतच असत. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे काम मुकादमाकडे (जॉबरकडे) असे. कोकणातून व घाटावरून आलेला माणूस आपल्या गावच्या किंवा नात्यातील कोणाच्या तरी ओळखीने मुकादमापर्यंत पोहोचे. त्याचा हात कितपत कुशल आहे, यापेक्षा तो कोणाचा कोण, बोलावल्यावर येईल की नाही आणि मुकादमाला धरून राहील की नाही, याला महत्त्व असे. दस्तुरी द्यावी लागे ती वेगळीच. कायम कामगाराच्या गैरहजेरीत ज्यांना काम मिळे, ते बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना सुरू केली. तीनुसार निवडक बदली कामगारांना महिन्याच्या पहिल्या तारखेस पत्रके देण्यात येऊ लागली व त्यांनी दररोज सकाळी हजर राहिले पाहिजे, असे ठरविण्यात आले. मुकादमाच्या मर्जीऐवजी हजेरी हा मोजता येणारा गुण पुढे आणण्याचा हा प्रयत्न होता. मुकादमाचे वजन त्याने एकाएकी संपले नाही. परंतु गुणाची पारख व्यक्तीच्या मर्जीवर सोडावी की नियमाने बांधावी, हा पुढे सर्वत्र उपस्थित झालेला प्रश्न गिरणीच्या दारातही होताच.

मुलाखतीची विश्वसनीयता : मुलाखतीतून माणूस ओळखता येतो हा समज फार जुना आहे. त्याला पहिला शास्त्रीय धक्का अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट (१८६९–१९५५) यांच्या १९१५ च्या सुमाराच्या प्रयोगांनी दिला. विक्रेत्याच्या जागेसाठी आलेले तेच उमेदवार त्यांनी अनेक अनुभवी व्यवस्थापकांपुढे उभे केले, तेव्हा एकाने वरच्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवार दुसऱ्याने तळाशी टाकल्याचे आढळले. हॅरी हॉलिंगवर्थ (१८८०–१९५६) यांचा अनुभवही असाच होता. १९२० मध्ये एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे परस्परांहून भिन्न विशेष. तथापि एका बाबतीत चांगले गुण मिळालेल्या व्यक्तीस इतर सर्व बाबींतही चांगलेच गुण मिळाले होते. एका ठळक विशेषाची प्रभा इतरांवर पसरण्याच्या या प्रकाराला ‘वलय परिणाम’ म्हणतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ई. सी. वेब्स्टर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या संशोधनात (प्रकाशन १९६४) आणखी दोन गोष्टी दिसून आल्या : मुलाखत घेणारा आपले मत पहिल्या काही मिनिटांतच बनवितो आणि उमेदवाराच्या बाजूच्या माहितीपेक्षा त्याच्याविरुद्धच्या माहितीचा त्याच्यावर अधिक परिणाम होतो. बैठकीची सुरुवात अडखळली, तर पुढची उत्तरे चांगली असूनही पुष्कळदा वाया जातात, त्याचे कारण हेच.

मुलाखतीतील अंदाज व पुढील प्रत्यक्ष काम यांचा मेळ सहसंबंध गुणांकाने दाखवितात. पूर्ण मेळ असल्यास तो १ व मेळ मुळीच नसल्यास ० येतो. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पूर्वीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन संरचित मुलाखतीसाठी (सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने गुण देणे) ०·५१ व ऐसपैस गप्पांच्या स्वरूपाच्या मुलाखतीसाठी ०·३८ असा गुणांक दिला होता. पॉल सॅकेट व त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये हे आकडे नव्याने तपासले, तेव्हा ते अनुक्रमे ०·४२ व ०·१९ असे खाली आले. ‘माणूस पाहताच कळतो’ असे म्हणणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यांनी यांतील शेवटचा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कामाशी खरोखर निगडित असलेले गुण : मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच व्यापक घटक मानण्याचा प्रघात आहे. कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता, सौजन्यशीलता व अनुभवग्राहकता हे ते घटक होत. मरे बॅरिक व मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये निरनिराळ्या व्यवसायगटांतील संशोधन एकत्र करून पाहिले असता, तपासलेल्या सर्व गटांत उपयोगी पडणारा गुण एकच आढळला; तो म्हणजे कर्तव्यदक्षता. हाती घेतलेले काम वेळेवर, नेटकेपणाने व कोणी पाहत नसतानाही पुरे करणे, हा तिचा अर्थ. बहिर्मुखतेचा उपयोग मुख्यतः विक्री व व्यवस्थापन या क्षेत्रांत दिसून आला. येथे एक विसंगती उद्‌भवते. बहिर्मुखता खोलीत शिरताक्षणीच दिसते, कर्तव्यदक्षता दिसण्यास महिने लागतात. मितभाषी पण भरवशाचा उमेदवार अल्पकालीन मुलाखतीत मागे पडतो तो यामुळे. ही उणीव त्याला अंशतः भरून काढता येते. ‘मी मेहनती आहे’ यासारखी विधाने परीक्षकाला काहीच सांगत नाहीत. परंतु अमुक काम हाती आले, अडचण ही होती, आपण हे केले व परिणाम हा झाला, असा प्रत्यक्ष प्रसंग क्रमाने सांगितल्यास न दिसणारा गुण वर्तनाच्या रूपाने पुढे येतो. संरचित मुलाखतीतील प्रश्नांचा रोखही बहुधा अशा प्रसंगांकडेच असतो. अर्ज केलेल्या संस्थेचे काम आधी समजून घेणे, माहीत नसलेल्या गोष्टीविषयी ‘माहीत नाही’ असे सांगणे, पूर्वीच्या चुकीचा दोष दुसऱ्यावर न ढकलणे या गोष्टी लहान वाटल्या, तरी जबाबदारीची जाणीव त्यांतूनच प्रकट होते.

सैनिकी सेवेतील निवड : व्यक्तिगुणांची पारख लांबवून व विभागून केली, तर तिचे स्वरूप कसे बदलते, याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे संरक्षण दलांची सेवा निवड मंडळे होत. ब्रिटिश लष्कराने दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये अशी मंडळे सुरू केली व १९४३ मध्ये त्या धर्तीवरील मंडळ डेहराडून येथे स्थापन झाले. अधिकाऱ्यास आवश्यक असे पंधरा गुण येथे लेखी स्वरूपात निश्चित केलेले आहेत. तर्कशक्ती, संघटनकौशल्य, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाची तत्परता, निर्धार, धैर्य इत्यादींचा त्यांत समावेश होतो. निवडप्रक्रिया सामान्यतः पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे उमेदवाराचे स्वतंत्रपणे मूल्यमापन करतात आणि अखेरच्या बैठकीत ते एकत्र ताडून पाहतात. मनाने, वाणीने व कृतीने माणूस एकच आहे की नाही हे पाहावयाचे, अशी यामागील कल्पना. ‘मनसा, वाचा, कर्मणा’ हे शब्द त्यासाठी रूढ आहेत. शब्दसाहचर्य चाचणीत साठ शब्द प्रत्येकी पंधरा सेकंद दाखविले जातात व मनात येणारे वाक्य लिहावयाचे असते. मैदानावर फळ्या, दोर व पिंपे देऊन गटाला अडथळा पार करण्यास सांगतात. मोठ्याने हुकूम सोडणारा तेथे पुढारी ठरतोच असे नाही. दुसऱ्याने सुचविलेली युक्ती उचलून दोर धरणाराही परीक्षकांच्या नजरेत भरतो. पाठ केलेली उत्तरे इतक्या दिवसांत टिकवून धरणे कठीण जाते. महाराष्ट्रातील तरुणांचे अधिकारीवर्गातील प्रमाण वाढावे, म्हणून राज्य शासनाने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९७७ मध्ये सेवापूर्व प्रशिक्षण संस्था सुरू केली. यांतील बरेच गुण सरावाने वाढविता येतात, हे गृहीत अशा संस्थेच्या मुळाशी असते.

मुलकी सेवा व न्यायालयांची भूमिका : संघ लोकसेवा आयोग मुलाखतीस ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतो. ती उलटतपासणी नसून सहेतुक संभाषण असावे, असे परीक्षेच्या नियमांत नमूद आहे. मानसिक तत्परता, विवेचनातील स्पष्टता, समतोल निर्णयशक्ती, रुचीची विविधता व खोली, नैतिक सचोटी इ. गुण तीत पाहावयाचे असतात. १९७९ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत या चाचणीस २५० गुण होते. १९९३ मध्ये ते ३०० झाले आणि २०१३ पासून लेखी परीक्षेच्या १,७५० गुणांबरोबर चाचणीस २७५ गुण आहेत. मुख्य परीक्षा भारतीय भाषेतून देणाऱ्या उमेदवारास चाचणीही त्या भाषेतून देता येते. इंग्रजीतील अस्खलितपणालाच व्यक्तिमत्त्व समजण्याची सवय ध्यानात घेता ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

तोंडी परीक्षेस किती वजन असावे, यावर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा विचार केला आहे. १९८१ मध्ये अजय हासिया खटल्यात (हा खटला श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा होता) दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीस एकूण गुणांच्या एक-तृतीयांश गुण ठेवणे मनमानी ठरविण्यात आले. त्याच वर्षीच्या लीला धर खटल्यात मात्र नोकरीच्या बाबतीत व्यक्तिमत्त्वाची पारख मुलाखतीनेच होऊ शकते व सेवेच्या स्वरूपानुसार तिचे वजन बदलू शकते, असे न्यायालयाने म्हटले. १९८५ मध्ये हरियाणातील भरतीविषयीच्या अशोककुमार यादव खटल्यात २२·२ टक्के गुणही जास्त ठरले आणि संघ लोकसेवा आयोगाच्या तत्कालीन १२·२ टक्के या प्रमाणाचा दाखला देण्यात आला. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गट व अराजपत्रित ‘ब’ गटातील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिलेबाजीस आळा घालणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता. नियमाने बांधता येत नसेल तर पारखच नको, असा हा निर्णय असून कनिष्ठ पदांपुरता तो समर्थनीय वाटतो.

गुण की सामाजिक खुणा : व्यक्तिगुण म्हणून जे पाहिले जाते, त्यात उमेदवाराच्या घराण्याच्या, भाषेच्या व जातिधर्माच्या खुणा मिसळलेल्या असतात, हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग होय. सुखदेव थोरात व पॉल अट्टेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता सारखी असलेल्या अर्जांवर केवळ नावे वेगळी होती. पुढील टप्प्यासाठी बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या बाबतीत ०·६७ व मुस्लिम नावाच्या बाबतीत ०·३३ निघाले. येथे उमेदवाराला तोंड उघडण्याची संधीही मिळालेली नव्हती. त्याचा आत्मविश्वास वा सौजन्य पाहण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी केलेल्या संभाषणांत, गुणवत्तेवरच निवड होते असे सांगणारे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारीत असल्याचे आढळले. वडील काय करतात, या प्रश्नातून स्वभावाचा अंदाज येतो, अशी त्यांची समजूत होती. शिकलेली पहिलीच पिढी असलेल्या उमेदवारास हा प्रश्न किती जड जातो, हे सांगावयास नको. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील समान संधीची हमी ही शासकीय सेवेपुरती आहे.

बेकारीचा परिणाम : उमेद, चिकाटी व तत्परता हे गुण नोकरी मिळण्यास साहाय्यक ठरतात, पण दीर्घकालीन बेकारी नेमके हेच गुण खच्ची करते. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गिरणीगावाचा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्सायसल यांनी केलेला अभ्यास (१९३३) या बाबतीत प्रमाणभूत मानला जातो. तेथील गिरणी बंद पडल्यावर लोकांना वेळ भरपूर मिळाला. परंतु वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यातून चालताना वारंवार थांबू लागले आणि दिवसभरात काय केले हे त्यांना नीट सांगता येईना. कामावर असणाऱ्यांशी संबंध तुटणे हे नुकसान निराळेच. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील न्यूटन शहरी केलेल्या अभ्यासात (१९७४) निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळाल्याचे आढळले. या ओळखी बहुधा जवळच्या मित्रांच्या नसून क्वचित भेटणाऱ्यांच्या होत्या. अशा दूरच्या ओळखी टिकविण्यासाठी लागणारा उत्साह बेकाराजवळ उरलेला नसतो. त्यातच अर्जातील रिकामा काळ हाच अवगुण धरला जातो : कोरी क्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शंभर शहरांत कल्पित अर्ज पाठवून केलेल्या प्रयोगात (२०१३) बेकारीचा काळ जसजसा वाढला, तसतशी मुलाखतीची बोलावणी कमी झाली आणि यांतील बहुतेक घट पहिल्या आठ महिन्यांतच झाली.