फोटो नव्हे, हिशेबाचे चित्र

शेजारच्या दहावीतल्या मुलीने परवा आम्हाला एक रंगीत चित्र दाखवले. मधोमध ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या पिवळ्या-हिरव्या रेषा. खाली लिहिले होते, 'प्रोटॉनांची टक्कर'. तिने विचारले, "अणूच्या पोटातला कण दिसतच नाही, मग हा फोटो काढला कुणी?" प्रश्न अगदी रास्त होता.

वाचकहो, हा फोटो नाहीच. ते संगणकाने काढलेले चित्र आहे.

स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सरहद्दीवर, जिनिव्हाजवळ 'सर्न' ही संशोधन संस्था आहे. तेथे जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल, २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यातले यंत्र २००८ साली प्रथम सुरू झाले. त्यात प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आदळतात. यंत्र भरात असताना सेकंदाला १०० कोटींच्या आसपास टकरा होतात. टकरीतून निघालेले कण भोवतालच्या शोधक यंत्रात विजेचे बारीक संकेत सोडून जातात. ओल्या वाटेवरच्या पावलांवरून कोण गेले ते ओळखावे, तसे संगणक हे ठिपके जोडून रेषा काढतो. रंग आपल्याला समजावे म्हणून भरलेले असतात.

पूर्वी खरेच फोटो काढीत. १९५२ साली डोनाल्ड ग्लेसर यांनी द्रवातून जाणाऱ्या कणामागे बुडबुड्यांची रेघ उमटवणारे यंत्र शोधले. पुढे अशा यंत्रांचे हजारो फोटो टेबलावर पसरून रेघ न् रेघ तपासण्याचे काम बहुतांशी स्त्रियांनी केले. शोधाला नाव शास्त्रज्ञाचे लागले, पण डोळे या बायांचे होते!

मग संगणकाच्या रेषांवर विश्वास ठेवायचा कसा? त्यासाठी संगणकात लुटुपुटूच्या टकरा घडवतात. कण एक पाऊल पुढे सरकला की संगणक जणू फासा टाकतो: कण फुटेल, धातूला धडकेल, की तसाच पुढे जाईल? फाशाचे दान निसर्गाच्या ज्ञात नियमांनुसारच पडते. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लोवरून या पद्धतीला नाव पडले. उलाम आणि फॉन नॉयमन यांनी ती १९४० च्या दशकात अमेरिकेत घडवली. अशा लाखो लटक्या टकरांवरून, नवा कण नसेल तर काय दिसेल आणि असेल तर काय दिसेल, हे आधीच मांडून ठेवता येते. मग खऱ्या टकरा त्याशेजारी ठेवून ताळा पाहायचा.

हिग्ज कण असाच सापडला. १९६४ साली कागदावर मांडलेला हा कण जन्मताच विरून जातो. उरतात, उदाहरणार्थ, दोन प्रकाशकण. अशा जोड्यांच्या हिशेबात प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट वस्तुमानाशी उंचवटा दिसला. एकाच पथकाला नव्हे, तर वेगवेगळी यंत्रे वापरणाऱ्या दोन पथकांना! तेव्हा कुठे ४ जुलै २०१२ रोजी शोध जाहीर झाला. त्यातल्या 'सीएमएस' यंत्राच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही हातभार आहे.

म्हणजे चित्र देखणे आहे म्हणून खरे ठरले नाही, ताळा जुळला म्हणून खरे ठरले. आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले, "बाळ, तू विचारलेस तोच प्रश्न शास्त्रज्ञही स्वतःला विचारतात." आपल्या घरातले मूल असे विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल, तर त्याच्यासोबत शोधायला बसा.