सावळ्या कातडीवरची चकाकी

या आठवड्यात हाताची बोटे रंगवायची होती. ती पुढच्या वेळी. कारण कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचे पत्र आले आहे आणि त्याचा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नाही. समोर सावळे मॉडेल बसले होते. विद्यार्थ्याने बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर कालवून अंगाचा रंग जुळवला. मग कपाळ आणि खांदा उजळायला त्याच रंगात पांढरा मिसळला, तर तेवढाच भाग राख फासल्यासारखा दिसू लागला.

तैलरंगात पांढरा नुसता उजळवत नाही, तपकिरीतली ऊबही काढून घेतो. त्यात आजचा टिटॅनियम व्हाइट फार जोरकस. तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. त्याआधी शतकानुशतके चित्रकार शिशाचा सफेदा वापरत. सफेदा विषारी खरा, पण मिश्रणात मवाळ. टिटॅनियम थोडा जास्त पडला की सगळा रंग खडूसारखा होतो. म्हणून सावळा रंग उजळताना आधी यलो ओकर किंवा कॅडमियम ऑरेंज घालावा आणि पांढरा अगदी शेवटी, ब्रशच्या टोकाने.

पण खरी गंमत पॅलेटवर नाही, कातडीवर आहे. अंगावर पडलेला उजेड दोन वाटांनी डोळ्यांपर्यंत पोचतो. काही आत शिरतो आणि मेलॅनिन व रक्त यांचा रंग घेऊन बाहेर येतो. काही वरच्यावरच परततो. त्याला कातडीचा रंग लागतच नाही, तो असतो निव्वळ खिडकीचा रंग. गोऱ्या अंगावर आतून येणारा उजेड इतका असतो की ही चकाकी त्यात बुडून जाते. सावळ्या अंगावर आतला उजेड कमी, चकाकी मात्र तेवढीच. त्यामुळे ती उठून दिसते. उत्तरेच्या खिडकीपाशी कपाळावर चमकतो तो उजळ तपकिरी नव्हे, तर निळसर राखाडी. आकाशच तिथे उतरलेले असते! सावळे मॉडेल मिळणे हे चित्रकाराचे भाग्यच म्हणायचे, एकाच खांद्यावर त्याला उबदार आणि थंड असे दोन्ही रंग शिकायला मिळतात.

आता मुंबईची एक अडचण. उत्तरेचा उजेड दिवसभर बदलत नाही, असे युरोपीय पुस्तके सांगतात. मुंबई मात्र 19 अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. ढग नसतील तर उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येते आणि आधी राखाडी दिसलेली चकाकी पिवळी होते. अशा वेळी आधीचीच चकाकी धरून ठेवावी, नाहीतर चित्रात दोन खिडक्या दिसतात.

हे सगळे पाहायचे तर स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केसने 1650 साली रोममध्ये रंगवलेला हुआन दे पारेहा पाहावा. पारेहा त्याच्या चित्रशाळेतला गुलाम होता. त्याच वर्षी व्हेलास्केसने त्याच्या मुक्ततेचा कागद केला. पोप दहावा इनोसंट याचे चित्र करण्याआधी हात तयार व्हावा म्हणून व्हेलास्केसने हे चित्र काढले, असे मानतात; पँथिऑनमध्ये ते मांडले तेव्हा रोम थक्क झाले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चेहरा उबदार तपकिरी, कपाळावर उजेडाचा रुंद ठसा, आणि भोवती राखाडी-हिरवट कपडे. त्या राखाडीमुळेच गाल तापलेले वाटतात.

आपल्याकडचे पाहायचे तर पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत चित्रकार त्रिंदाद यांची चित्रे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिकवलेला हा गोवेकर. त्याच्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर खिडकी कुठे आहे ते शोधावे.

राहता राहिला प्रश्न निळसर राखाडी आणायचा कुठून. निळी ट्यूब लागत नाही. स्वीडनचा आंदर्श सोर्न बरेचदा पांढरा, ओकर, व्हर्मिलियन आणि काळा एवढ्यांवर भागवायचा. काळ्यात पांढरा घातला की ओकरच्या शेजारी तो निळाच भासतो. त्या विद्यार्थ्याने कपाळावरचा थर नाइफने खरवडावा, खालचा उबदार तपकिरी तसाच ठेवावा आणि हा राखाडी एकाच फटक्यात वर ठेवून द्यावा. घोटू नये.