विश्लेषण : पेट्रोलमधील शिसे गेले; मुलांच्या रक्तातील का जात नाही?

देशभरातील पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून शिसेमुक्त झाले. त्या वर्षी जन्मलेली मुले आता कमावती झाली. शिशाचा प्रश्न तेव्हाच मिटला, असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले एकट्या भारतातील आहेत. ही मुले आजारी दिसत नाहीत. शाळेत जातात, खेळतात, परीक्षा देतात. हे विष ताप आणत नाही, पुरळ उठवत नाही. मग ते करते काय, आणि पेट्रोलमधून गेले तर आता येते कुठून?

शरीरात शिरलेले शिसे नेमके काय करते?

लोह, जस्त, तांबे यांची शरीराला थोडी थोडी गरज असते. शिशाची गरज शून्य. तरीही शरीर त्याला आत घेते, कारण शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनासारखा वागतो. आतड्यातील जे मार्ग कॅल्शियम आणि लोहासाठी राखलेले, त्यांतूनच शिसे रक्तात उतरते. वाढीच्या वयातील मुलांचे शरीर कॅल्शियमला हपापलेले असते. त्यामुळे तोंडावाटे गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. पोट रिकामे असेल, अंगात लोह कमी असेल, तर आणखी.

आपल्याकडे नेमकी इथेच मेख आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोह कमी म्हणून शिसे जास्त शोषले जाते आणि ते शिसे पुन्हा हिमोग्लोबिन तयार होण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते.

मेंदूत गेलेले शिसे चेतापेशींमधील संदेशवहन बिघडवते. नव्या जोडण्या तयार होण्याचे वय पहिली पाच-सहा वर्षे. नुकसानही तेव्हाच सर्वाधिक. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात ओसरते. पण बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे वीस-तीस वर्षे मुक्काम करते. गर्भारपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर हे जुने शिसेही निघते आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. म्हणजे आईने लहानपणी घेतलेला डोस पुढच्या पिढीलाही मिळतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदयविकार यांच्याशी शिशाचा संबंध आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात ५५ लाख प्रौढांचे हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू शिशाशी निगडित होते.

‘सुरक्षित’ प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर : असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी काळजी कधी करावी यासाठी ठरवलेला आकडा साठच्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होता. तो १९७१ मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ असा उतरत आला. शिसे तेच, मुलेही तशीच. आपले अज्ञान तेवढे कमी होत गेले.

यातील सर्वात अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००५ चा आहे. अनेक देशांतील मुलांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात रक्तातील शिसे २.४ वरून १० पर्यंत गेले, तर बुद्ध्यंक सुमारे ३.९ गुणांनी घटलेला दिसला. १० ते २० या टप्प्यात आणखी १.९ आणि २० ते ३० मध्ये १.१. म्हणजे पहिल्या थोड्याशा शिशानेच जास्त हानी होते.

चार-पाच गुणांनी काय बिघडते, असे वाटू शकते. एका मुलाच्या बाबतीत कदाचित ते कळणारही नाही. पण साऱ्या समाजाची सरासरी १०० वरून ९५ वर आली, तर गणित वेगळे होते. ७० पेक्षा कमी बुद्ध्यंक असलेल्यांचे प्रमाण सव्वादोन टक्क्यांवरून जवळपास पावणेपाच टक्क्यांवर जाते आणि १३० च्या वर असलेले सव्वादोनवरून एका टक्क्यावर येतात. विशेष मदत लागणारी मुले दुप्पट, असाधारण मुले निम्मी. आणि यातले एकही मूल दवाखान्याच्या नोंदीत ‘शिसेबाधित’ म्हणून सापडणार नाही.

पेट्रोलमध्ये शिसे आले कसे आणि गेले कसे?

इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी टेट्राइथाइल लेड उपयोगी पडते, हे जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन दगावले. त्यावर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर चोळून, हुंगून दाखवले. ते स्वतः त्याआधीच शिशाच्या विषबाधेने आजारी पडून विश्रांती घेऊन आले होते, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही. पुढच्या वर्षीच्या सरकारी परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला, तरी पेट्रोलमध्ये शिसे राहिले.

पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत सतत बाहेरचे शिसे मिसळताना दिसले. ते कुठून येते याचा माग काढताना ते पेट्रोलपर्यंत पोहोचले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्ध्यंकात आणि वर्गातील एकाग्रतेत मागे होती. यातले कोणतेही मूल आजारी म्हणून नोंदलेले नव्हते.

तरी खरे सांगायचे तर अमेरिकेत पेट्रोलमधून शिसे हटवण्याचा धक्का मुलांमुळे नव्हे, गाड्यांमुळे बसला. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होत, म्हणून १९७५ च्या मॉडेलपासून शिसेविरहित पेट्रोल लागले. परिणाम मात्र मुलांच्या रक्तात दिसला : १९७६ ते १९८० दरम्यान अमेरिकनांच्या रक्तातील सरासरी शिसे १४.६ वरून ९.२ वर उतरले. भारतातही १९९५ मध्ये चार महानगरांत असे पेट्रोल आले ते याच कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी.

मुंबईचे आकडे बोलके आहेत. जॉर्ज फाउंडेशनने १९९७ च्या सुमारास केलेल्या तपासणीत शहरातील सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. पेट्रोल बदलल्यानंतर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे ३३ टक्के निघाले. एका निर्णयाने निम्मी घट झाली. पण उरलेले ३३ टक्के कशामुळे, याचे उत्तर पेट्रोल पंपावर नव्हते. जगात शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद केले.

मग आता शिसे येते कुठून?

जगातील शिशाचा सुमारे ८५ टक्के वापर बॅटऱ्यांत होतो. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, ई-रिक्षा सगळीकडे ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी. तिचे शिसे वितळवून पुन्हा वापरता येते आणि ते व्हायलाच हवे. प्रश्न कुठे आणि कसे, हा आहे. परवानाधारक कारखान्याला धूर गाळण्याचा, कामगारांच्या तपासणीचा खर्च असतो. वस्तीमागे भट्टी लावणाऱ्याला तो नसतो, म्हणून तो भंगाराला भाव जास्त देऊ शकतो. त्याची किंमत शेजारची माती आणि तिथे रांगणारी मुले मोजतात. सेनेगलच्या डकारजवळ थियारोये-सुर-मेर येथे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ लहान मुले अशाच कामामुळे दगावली. आपल्याकडे बॅटऱ्यांसाठी २००१ पासून नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले आणि जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. कागदावर ही साखळी पूर्ण आहे.

रंगांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग आहे. पण त्याआधीचे रंग आपल्या दारे-खिडक्यांवर, लोखंडी कठड्यांवर थरावर थर बसलेले आहेत. दिवाळीआधी ते कोरडे घासून काढण्याची आपली पद्धत म्हणजे त्या शिशाची पूड करून घरभर उडवणे होय.

शेंदूर हे परंपरेने शिशाचे लाल ऑक्साइडच. काही सुरम्यांत शिशाचे सल्फाइड असते. तुपाच्या दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळाचा दोष हा नव्हे. कल्हईसाठी वापरलेल्या कथिलात शिशाची भेसळ असेल, तर आंबट आमटी ते सहज उतरवून घेते. भस्मयुक्त औषधांचा विषय निघाला की वाद होतो, म्हणून फक्त नोंद : बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

हळदीचे प्रकरण काय?

हे प्रकरण बांगलादेशचे आहे आणि सविस्तर सांगण्यासारखे आहे. तिथल्या ग्रामीण भागातील गर्भवतींच्या रक्तात शिसे जास्त आढळले. जवळ कारखाना नाही, रहदारी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील ‘आयसीडीडीआर,बी’ या संस्थेच्या संशोधकांनी माती, भांडी, कीटकनाशके, डबाबंद अन्न असे एकेक तपासले. शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण प्रत्येक उगमाचे वेगळे असते. रक्तातले प्रमाण जुळले ते हळदीशी.

वाळवलेली हळकुंडे ड्रममध्ये फिरवून घासतात तेव्हा काही जण त्यात लेड क्रोमेट हा पिवळा रंग टाकत होते. हाच रंग फर्निचरसाठीही विकला जाई. ही रीत ऐंशीच्या दशकात, पुरात भिजून काळवंडलेल्या हळदीला उजळवण्यासाठी सुरू झाल्याचे व्यापाऱ्यांनी सांगितले. सांगलीकरांना यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. २००५ च्या महापुराचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले तेव्हा साठवलेल्या हळदीची काय दशा झाली, ते त्यांनी पाहिले आहे. फरक एवढाच, की बांगलादेशात पूर ओसरला तरी रंग राहिला, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना तोच पिवळा खरा वाटू लागला. टाकणाऱ्यांपैकी अनेकांना तो विषारी आहे हे माहीतही नव्हते.

निष्कर्ष सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झाले. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वृत्तपत्रांत सूचना दिल्या, बाजारांत भित्तिपत्रके लावली. ढाक्याच्या श्यामबाजारात हातात धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने जागच्या जागी हळद तपासली गेली आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला; ते दूरचित्रवाणीवर दिसले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हते. गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले. त्यासाठी ना नवे औषध लागले, ना नवा कायदा. भारतात हळदीसाठी मर्यादा दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे. दक्षिण आशियातील शहरांचा जो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुने १००० च्या वर होते.

डॉक्टरांकडे उपाय नाही का?

शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत आणि रक्तातील पातळी ४५ किंवा त्याहून अधिक असेल, तर मुलांना ती द्यावीच लागतात, जीव वाचतो. त्याखालच्या पातळीचे काय? अमेरिकेत २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. औषधाने रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धी, वर्तन, शिकण्याची क्षमता यांत औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा काहीही सुधारणा दिसली नाही. गेलेले परत आणता येत नाही. या विषयात प्रतिबंधाला पर्याय नाही, असे डॉक्टर म्हणतात ते या चाचणीच्या आधारावर.

घरात काय करता येईल?

जुना रंग काढायचा असेल, तर पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवावे आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. भट्टीत, बॅटरीच्या दुकानात, रंगकामावर असणाऱ्याने कपडे बाहेरच बदलावेत. सुटी हळद नजरेत भरण्याइतकी झळझळीत असेल, तर ती घेऊ नये. मुलांना जेवणाआधी हात धुण्याची सवय आणि आहारात लोह व कॅल्शियम हवे. त्याने शोषण कमी होते, उगम मात्र तसाच राहतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नव्या बॅटरीच्या विक्रेत्याकडे जमा करावी.

आपल्याकडे बालकांच्या नियमित तपासणीत रक्तातील शिसे मोजले जात नाही. वडील शिशाच्या कामात असतील, घराजवळ भट्टी असेल, मूल माती किंवा रंगाचे पोपडे खात असेल किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्तक्षय हटत नसेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारावे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ती होते. बोट टोचून काढलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे मिसळून आकडा फुगू शकतो. त्यामुळे पक्क्या निदानासाठी रक्त शिरेतूनच घ्यावे लागते.