गिटारच्या आकाराची नक्कल

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ साली आली. तिच्या शिंगांसारखी टोके असलेल्या धडाची नक्कल अनेक कंपन्या करतात आणि अमेरिकेत ती राजरोस विकली जाते. फेंडरने हा आकार व्यापारचिन्ह म्हणून मागितला. २००९ मध्ये तो नाकारला गेला, कारण इतकी वर्षे सगळेच तो वापरत आल्याने तो एका कंपनीची ओळख उरला नव्हता. गिटारचे डोके आणि नाव मात्र फेंडरचेच. नैतिक रेषाही साधारण तिथेच पडते: आकार घेणे ही परंपरा, खोटे नाव चिकटवणे ही फसवणूक. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही गावाचे नाव जपते. सतारीच्या भोपळ्याच्या आकारावर तिथेही कुणाची मालकी नाही.