पुढे काय झालं, हरिभाऊ?

बालमित्रांनो, साप्ताहिकातली लांबलचक गोष्ट ऐन रंगात येते, आणि नेमकं तिथेच खाली छापलेलं असतं, ‘क्रमशः’. काय राग येतो ना! आठवडाभर आपला जीव टांगणीला. पण त्याच आठवड्यात आणखी एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. तो म्हणजे ती गोष्ट लिहिणारा! अशाच एका लेखकाची आज ओळख करून घेऊ. त्यांचं नाव हरि नारायण आपटे. लोक त्यांना हरिभाऊ म्हणत.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिकले पुण्यात. कॉलेजात गेले, पण पदवी काही हाती लागली नाही. गणिताशी त्यांचं जमलंच नाही! (काही चेहरे लगेच खुलले, मला माहीत आहे. पण वाचनात हा मुलगा कुणाला ऐकणारा नव्हता, हेही लक्षात ठेवा.) ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ साली ‘पुणे वैभव’ या पत्रातून आली, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते.

दुसऱ्याच्या पत्रात लिहायचं म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीने चालायचं. हरिभाऊंनी १८९० साली स्वतःचंच साप्ताहिक काढलं, ‘करमणूक’. राजकारणासाठी ‘केसरी’ होता, समाजसुधारणेच्या वादासाठी आगरकरांचा ‘सुधारक’ होता. ‘करमणूक’ मात्र घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं. संपादक हरिभाऊ आणि मुख्य लेखकही हरिभाऊच. आता त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

या स्वातंत्र्याचा त्यांनी काय उपयोग केला पाहा. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणुकी’तून आली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते आहे. बाहुल्या, भावाशी भांडण, मग लहानपणीच लग्न, सासर, पुढे नवऱ्याचा मृत्यू आणि विधवा म्हणून झालेला छळ. सगळं कसं घरगुती, बायकांच्या तोंडच्या भाषेत. लिहिणारा पुरुष आहे हे आपण विसरून जातो. आणि नेमक्या त्याच दिवसांत पुणं पेटलं होतं! मुलींचं संमतिवय १० वरून १२ वर्षं करावं की नाही, यावर टिळक-आगरकरांची पत्रं हमरीतुमरीवर आली होती. तो कायदा १८९१ साली झाला. बारा वर्षं! म्हणजे तुमच्या वर्गातली मुलगी. सभेत ओरडून जे पटत नव्हतं, ते यमू दर आठवड्याला घराघरांत जाऊन हळू आवाजात सांगत होती.

पण स्वतःचं साप्ताहिक म्हणजे गळ्यात बांधलेलं घड्याळच. छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचा, त्याच्या हाती मजकूर वेळेवर पडलाच पाहिजे. लेखकाला ताप आला, घरी पाहुणे आले, सुचत नाही, हे त्याला सांगून काय उपयोग? एक सामाजिक कादंबरी चालू असतानाच कधी शेजारी ऐतिहासिक कादंबरीही चालू असे. इकडे यमूचे अश्रू, तिकडे घोड्यांच्या टापा! ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चाललं. वर्षाला बावन्न आठवडे धरले तर किती अंक झाले, हा हिशेब तुम्हीच करा. (हरिभाऊंना सांगू नका.)

बरं, एवढं एकच काम होतं का? छे! त्यांच्या चुलत्यांनी, महादेव चिमणाजी आपटे यांनी, १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली होती. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, जपायच्या, छापायच्या. तिचा सगळा कारभार हरिभाऊ पाहत. आपण शाळेची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जातो ना, त्याच्या जवळच ही वास्तू आहे.

या धावपळीची किंमतही मोजावी लागली. छापून गेलेलं प्रकरण परत बोलावता येत नाही. तिसऱ्या प्रकरणात केलेली चूक तिसाव्यात कळली तर काय करणार? मला विचाराल तर हरिभाऊंच्या कादंबऱ्या जागोजागी पसरट झाल्या आहेत, ‘उषःकाल’चा जाडजूड ग्रंथ पाहून मोठी माणसंही बिचकतात. आणि एकवीस कादंबऱ्यांपैकी काही तर अपुऱ्याच राहिल्या. सुरुवातीची ‘गणपतराव’ अपुरी, शेवटची ‘कर्मयोग’ही अपुरी. ३ मार्च १९१९ ला हरिभाऊ गेले. ‘कर्मयोग’मध्ये पुढे काय झालं, ते आता कोणीच सांगू शकत नाही.

आई-बाबांनो, मुलांना सुरुवातीलाच ‘उषःकाल’ देऊ नका. ‘गड आला पण सिंह गेला’ द्या. तानाजीची गोष्ट ठाऊक असते, त्यामुळे भाषा जुनी असली तरी अडत नाही. यमूची कादंबरी आठवी-नववीनंतर, आणि शक्यतो सोबत बसून.

आणि मुलांनो, वाचताना एक खेळ खेळून पाहा. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं. पुढे काय होईल ते दहा-बारा ओळींत वहीत लिहायचं, मगच पान उलटायचं. अट एकच: मुदत एक आठवड्याची, आणि लिहिलेलं खोडायचं नाही!