पडझडीचा पत्ता

जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, नायसे नदीकाठी ग्योर्लिट्स नावाचं शहर आहे. नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की पोलंड लागतं आणि शहराचं नाव बदलून झ्गोझेलेत्स होतं. १९४५ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच गाव होतं. जर्मन बाजूला सुमारे चार हजार संरक्षित वास्तू आहेत आणि त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहिल्या. त्यामुळे पडक्या घरांचे फोटो काढणाऱ्या मंडळींची इथं सतत ये-जा असते. पोपडे सुटलेल्या भिंती, अर्धवट ढासळलेले जिने, छतावरची फुलापानांची नक्षी आणि खाली कबुतरांची घाण, असे ते फोटो असतात. ते देखणे असतात, यात वाद नाही. पण घर पडलं कशानं, हे त्यातून क्वचितच कळतं. बघणारा समजून चालतो की काळानं खाल्लं. ग्योर्लिट्समध्ये काळाच्या वाट्याला फार थोडं आलं. सरहद्दीनं, भाड्याच्या दरानं आणि मालकीच्या वादांनी त्याच्याहून कितीतरी जास्त खाल्लं.

बॉम्ब चुकले, सरहद्द आली

ग्योर्लिट्सचा पहिला लेखी उल्लेख १०७१ सालचा. मध्ययुगात पश्चिम युरोपातून पूर्वेकडे जाणारा ‘व्हिया रेजिया’ हा व्यापारी मार्ग इथूनच जाई. कापड आणि निळा रंग देणारी वोड ही वनस्पती यांच्या व्यापारावर शहर गबर झालं. त्या पैशातून व्यापाऱ्यांनी एक खास प्रकारची घरं बांधली. दारातून आत शिरलं की दोन-तीन मजले उंच दालन, त्यात वरून उतरणारा उजेड, सज्जे आणि जिने. माल, गिऱ्हाईक आणि घरची माणसं एकाच छपराखाली. १५२६ सालचा ‘शोनहोफ’ हा शहरातल्या रेनेसाँ शैलीच्या वास्तूंमधला सर्वांत जुना. पुढे १८४७ मध्ये रेल्वे आली आणि स्टेशन ते जुनं गाव या पट्ट्यात चार-पाच मजली भाड्याच्या इमारतींच्या रांगा उठल्या. आजचे बरेचसे ‘पडके’ फोटो याच इमारतींचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेनची राख झाली, ग्योर्लिट्स जवळजवळ शाबूत राहिलं. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं ७ मे १९४५ रोजी नदीवरचे पूल तेवढे उडवले. मग नायसे हीच सरहद्द ठरली आणि पूर्वेकडचं उपनगर पोलंडमध्ये गेलं. सायलेशियातून हाकललेल्या जर्मनांचे लोंढे पश्चिम काठावर थांबले. पलीकडे पोलिश कुटुंबं आली, पाठोपाठ ग्रीसमधल्या यादवी युद्धातून पळालेले हजारो ग्रीक निर्वासितही आले. ६ जुलै १९५० रोजी पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी या सीमेला मान्यता देणाऱ्या करारावर सह्या केल्या, त्याही झ्गोझेलेत्समध्येच. जुन्या गावाला जोडणारा पूल पुन्हा उभा राहायला २००४ साल उजाडलं. एके काळी शहराच्या मध्यावर असलेली घरं साठ वर्षं देशाच्या कडेला होती. अशा कडेला पैसा गुंतवायला कोण येणार?

भाडं आणि पन्हळ

भाववाढ रोखण्यासाठी नाझी सरकारनं १९३६ मध्ये घरभाडी गोठवली होती. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारनं जुन्या घरांसाठी जवळपास तीच पातळी शेवटपर्यंत चालू ठेवली. १९४० च्या दरात अडकलेल्या मुंबईतल्या चाळींचं पुढं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. भाड्यातून छप्परदुरुस्ती निघत नव्हती. सिमेंट, लाकूड आणि कारागीर सगळे नव्या वसाहतींकडे वळवलेले होते. शहराच्या उत्तरेला क्योनिग्सहुफेनमध्ये तयार काँक्रीटच्या फळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यात गरम पाणी होतं आणि घरात संडास होता. जुन्या गावातून माणसं तिकडे निघून गेली, आणि खुशीनं गेली.

१९८९ पर्यंत जुन्या गावाचा काही भाग पाडायचं घाटत होतं. सुरुंगासाठी भोकंसुद्धा पाडून झाली होती, असं गावात आजही सांगतात. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला पूर्व जर्मन दूरदर्शनवर लायप्झिगच्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांवरचा एक माहितीपट दाखवला गेला. सगळ्यांना रोज दिसणारी पडझड सरकारी पडद्यावर आली आणि तिला जबाबदार कोण, हा प्रश्न उघड झाला. तीन दिवसांनी बर्लिनची भिंत पडली.

पुढची गोष्टही सरळ नाही. जप्त झालेली मालमत्ता आधी मूळ मालकाला परत, नुकसानभरपाई त्यानंतर, असं धोरण ठरलं. ते न्याय्य होतं. पण वारस देशोदेशी पांगलेले, कागद अपुरे. निकाल लागेपर्यंत घराला हात लावायला कोणी तयार नव्हतं. इकडे कारखाने बंद पडत होते. १९८८ मध्ये सुमारे ७७ हजार असलेली लोकसंख्या आज ५६ हजारांच्या आसपास आहे. याच काळात एका अनाम दात्यानं १९९५ पासून दरवर्षी दहा लाख मार्क शहराला द्यायला सुरुवात केली. युरो आल्यावर ती रक्कम ५,११,५०० युरो झाली आणि २०१६ पर्यंत येत राहिली. नाव शोधायचं नाही, एवढीच अट. जुन्या गावातले कित्येक दर्शनी भाग, मूर्ती आणि छपरं या पैशातून सावरली. म्हणून आज एकाच गल्लीत एक घर नव्या रंगात आणि शेजारचं फळ्या ठोकलेलं दिसतं. दोन्ही एकाच वर्षी बांधलेली, एकाच पावसात भिजलेली.

भिंत वाचायची कशी

एखाद्या रिकाम्या इमारतीच्या कोपऱ्याचा फोटो घ्या. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एक काळपट हिरवा पट्टा उतरलेला दिसतो. नजर वर नेली की छपराच्या कडेची पन्हळ सांध्यातून सुटलेली असते. तेवढ्याच जागेतून वर्षानुवर्षं पाणी भिंतीत मुरतं. आत, त्याच कोपऱ्यात तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं आणि ते सर्वांत आधी कुजतं. मग येते घरबुरशी. जर्मन गवंडी तिच्या नुसत्या नावानं दचकतात. ओलीवर ती रुजते आणि आपल्या दोऱ्यांतून पाणी वाहून नेत विटांच्या भिंतीपलीकडच्या लाकडापर्यंतही पोचते. तिची पांढऱ्या कडेची, गंजाच्या रंगाची चकती आणि जमिनीवर पसरलेली तपकिरी भुकटी फोटोत फार छान दिसते. जाणकाराला त्यात पुढची खोली धोक्याची असल्याचा इशारा दिसतो. दुरुस्त करायची होती ती हातभर पन्हळ.

बाकीच्या खुणाही बोलतात. दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर सामाईक संडासाचं दार असतं. कोपऱ्यातली फरशांची शेगडी फोडून फरशा कोणी नेलेल्या असतात. भिंतीवर कागदाचे चार थर, सगळ्यांत खाली वर्तमानपत्र. त्यावरची तारीख वाचता येईल इतकं जवळ जाणारा फोटो दालनाच्या भव्य फोटोपेक्षा जास्त सांगतो.

मोजणारा कॅमेरा

अशा फोटोंची परंपरा जर्मनीत जुनी आहे. १८५८ मध्ये वेट्सलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण अभियंता उंचावरून पडता पडता वाचला. वर न चढता फोटोवरूनच मापं काढता येतील, ही कल्पना त्याला तिथून सुचली. १८८५ मध्ये बर्लिनला त्यानं वास्तूंचे मोजणीयोग्य फोटो घेणारी सरकारी संस्था उभी केली. वास्तू नष्ट झालीच तर काचेच्या प्लेटवरून ती पुन्हा बांधता यावी, हा हेतू. त्यासाठी कॅमेरा समतल हवा, उभ्या रेषा उभ्याच हव्यात, कुठून आणि कोणत्या दिशेला फोटो घेतला याची नोंद हवी. आजच्या हौशी फोटोग्राफरला हे अवघड नाही. खिडकीचा लख्ख उजेड आणि कोपऱ्यातला काळोख एकत्र पकडायला तो ट्रायपॉडवरून तीन-चार वेगवेगळी एक्स्पोजर घेतोच. त्यांची सरमिसळ भडक न करता भिंतीचा खरा रंग राखला, तर तोच फोटो पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या कामी येतो.

ग्योर्लिट्स हे स्वतःच कॅमेऱ्याच्या धंद्यातलं गाव. ह्यूगो मायरनं १८९६ मध्ये इथं लेन्सचा कारखाना काढला. त्याच्या ‘ट्रायोप्लान’ लेन्समधून दिसणाऱ्या साबणाच्या फुग्यांसारख्या प्रकाशबिंदूंसाठी आजही लोक जुन्या बाजारात पैसे मोजतात. युद्धानंतर कारखाना सरकारी झाला, १९६८ मध्ये ड्रेस्डेनच्या पेंटाकॉनमध्ये विलीन झाला आणि जर्मनी एक झाल्यावर बंद पडला.

पत्ता लपवायचा की नोंदवायचा

कायदा स्पष्ट आहे. रस्त्यावरून इमारतीचा फोटो घ्यायला मोकळीक आहे, मात्र परवानगीशिवाय आत शिरणं हा जर्मन फौजदारी संहितेच्या कलम १२३ खाली गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, अर्थात मालकानं तक्रार केली तर. फोटोग्राफर मंडळींचा आपसातला नियमही आहे. काही उचलायचं नाही, काही मोडायचं नाही आणि पत्ता सांगायचा नाही. पत्ता फुटला की मागोमाग तांब्याच्या तारा चोरणारे आणि आगी लावणारे येतात. ही भीती खरी आहे. पण पत्ता आणि तारीख गाळलेला फोटो निव्वळ सजावट होतो. मध्यममार्ग सोपा आहे. मालकाची परवानगी घ्यावी, लोकांना दाखवताना पत्ता झाकावा आणि खोली, दिशा, तारखेसह एक संच शहराच्या अभिलेखागारात द्यावा.

कारण प्रत्येक रिकामेपणाला कोणीतरी जबाबदार असतं. १९११ मध्ये उघडलेलं इथलं सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंवर केलेल्या हल्ल्यातून वाचलं, लावलेली आग विझवली गेली. पण तिथं प्रार्थना करणारी माणसं देशोधडीला लागली किंवा मारली गेली. १९६३ मध्ये शहरानं ती ओस वास्तू घेतली आणि पुढे छपरातून पाणी झिरपत राहिलं. १९९१ पासून काम करत करत २०२१ मध्ये ती संस्कृती-केंद्र म्हणून उघडली. तिच्या पडक्या घुमटाचा नुसता ‘विषण्ण सौंदर्य’ म्हणून काढलेला फोटो त्या माणसांवर अन्याय करतो. उलट उदाहरण १९१३ सालच्या डिपार्टमेंट स्टोअरचं. ते २००९ मध्ये बंद पडलं आणि त्याच्या काचेच्या छताखाली दिग्दर्शक वेस अँडरसननं ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ या चित्रपटातलं दालन उभारलं. जगानं ती इमारत पाहिली, पण तिथलं दुकान का बुडालं हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पाळी आहे. तिथं १८४९ पासून डबे बनत आले. २०२५ मध्ये तो संरक्षण सामग्री बनवणाऱ्या कंपनीकडे सोपवायचा करार झाला. इमारत रिकामी पडणार नाही, पण डबे बांधण्याचं पावणेदोनशे वर्षांचं काम तिथून जाईल आणि कोणत्याही पोपड्यात ते दिसणार नाही. पडक्या घरांच्या शोधात येणाऱ्यांनी तिथंही परवानगी मागावी. कामगार, त्यांची अवजारं आणि भिंतीवरचे तक्ते अजून जागेवर आहेत तोवर.